दुष्काळ, हरळी आणि अंगणातील हिरवळ : अमेरिकेतील अवर्षणसहनशील गवताच्या लाद्यांचा इतिहास

प्रास्ताविक

घरापुढील हिरवळ हा अमेरिकेच्या सामाजिक इतिहासातील एक मान्यताप्राप्त अभ्यासविषय आहे. व्हर्जिनिया स्कॉट जेन्किन्स यांचा १९९४ मधील ग्रंथ, टेड स्टाइनबर्ग यांचा २००६ मधील व पॉल रॉबिन्स यांचा २००७ मधील ग्रंथ यांनी या विषयाला विद्यापीठीय प्रतिष्ठा मिळवून दिली. क्रिस्तिना मिलेसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये उपग्रह-छायाचित्रांच्या आधारे केलेल्या अंदाजानुसार अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील हिरवळीचे, म्हणजे घरे, कार्यालये, मैदाने व गोल्फची क्रीडांगणे मिळून, क्षेत्र सुमारे १,६३,८०० चौरस किलोमीटर भरते. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. या क्षेत्रातून अन्न, चारा वा धागा यांपैकी काहीही अपेक्षित नसते. आणि त्याचा बराच भाग अशा प्रदेशांत आहे, जेथे उन्हाळ्यात ते वरून पाणी दिल्याखेरीज हिरवे राहू शकत नाही.

या विसंगतीवर विसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी, उद्यानव्यावसायिकांनी व शासनाने जो उपाय शोधला तो म्हणजे पाण्याचा ताण सहन करणाऱ्या गवताची तयार लादी. मुळांच्या जाळ्यासह आणि मातीच्या पातळ थरासह जमिनीतून कापून काढलेला गवताचा पट्टा दुसऱ्या ठिकाणी नेऊन अंथरावयाचा, ही ती पद्धती होय. आपल्याकडील रोपवाटिकांत यासच 'कार्पेट लॉन' म्हणतात. प्रस्तुत लेखात 'लादी' हा शब्द वापरला आहे. अवर्षणसहनशील लादी हा वनस्पतिशास्त्राचा विजय असला, तरी तिच्या इतिहासात एक प्रश्न सतत मागे ठेवला गेला: गवत बदलून हिरवळ टिकवावयाची, की हिरवळीची रूढीच बदलावयाची? या प्रश्नाच्या अनुरोधाने हा इतिहास पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

भिंतीतील लादी

अमेरिकेत गवताची लादी प्रथम मोठ्या प्रमाणावर कापली गेली ती बागेसाठी नव्हे, तर घरासाठी. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतकऱ्याला १६० एकर जमीन मिळू लागली. परंतु नेब्रास्का, कॅन्सस व डाकोटा या गवताळ प्रदेशांत झाडे विरळ असल्याने घर बांधावयास लाकूड नव्हते. वसाहतकऱ्यांनी विशेष प्रकारच्या नांगराने गवताळ जमिनीचे सुमारे फूटभर किंवा थोडे अधिक रुंद व तीन-चार इंच जाडीचे पट्टे उकलले, कुदळीने त्यांचे दोन-तीन फूट लांबीचे तुकडे केले आणि ते विटांप्रमाणे रचून भिंती उभारल्या. गवताची बाजू खाली ठेवावयाची, एका थराचा सांधा दुसऱ्या थराच्या सांध्यावर येऊ द्यावयाचा नाही, आणि काही थरांनंतर तुकडे आडवे घालून भिंत बांधून घ्यावयाची, असा हा प्रघात होता. 'नेब्रास्काचा संगमरवर' हे त्या लादीचे विनोदी नाव. सॉलोमन बुचर या छायाचित्रकाराने १८८६ पासून कस्टर परगण्यातील या घरांची व त्यांपुढे उभ्या असलेल्या कुटुंबांची छायाचित्रे घेतली. इतिहासाच्या अभ्यासकास ती आज मूल्यवान साधन ठरली आहेत.

या लाद्या टिकल्या त्या मुळांमुळे. बफेलो गवत, ब्लूस्टेम यांसारख्या तेथील मूळच्या गवतांची मुळे इतकी दाट व चिवट असतात, की भिंतीतील माती वर्षानुवर्षे ढासळत नसे. (बफेलो म्हणजे येथे म्हैस नव्हे, तर उत्तर अमेरिकेतील बायसन, त्याच्या चराईवर हे गवत वाढले म्हणून हे नाव.) कमी पावसात जगण्यासाठी शेकडो पिढ्यांत घडलेले हे मूळतंत्र होते. १८७८ मध्ये जॉन वेस्ली पॉवेल यांनी आपल्या अहवालात शंभराव्या रेखावृत्ताच्या आसपास, वर्षाला सुमारे २० इंच पावसाच्या रेषेपलीकडे, पूर्वेकडील शेतीची रीत चालणार नाही, असे बजावले होते. तो इशारा मानला गेला नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत गव्हासाठी गवताळ भूमी नांगरली गेली आणि १९३० च्या दशकातील अवर्षणात ती माती वाऱ्याबरोबर उडाली. १४ एप्रिल १९३५ चे धुळीचे वादळ 'काळा रविवार' म्हणून ओळखले जाते. त्याच वर्षी ह्यू हॅमंड बेनेट यांच्या नेतृत्वाखाली मृदासंधारण सेवेची स्थापना झाली. अवर्षण सहन करणारे गवत प्रथम मोडावयाचे व मग अवर्षण सहन करील असे गवत प्रयोगशाळेत शोधावयाचे, हा क्रम पुढील इतिहासात पुन्हा दिसतो.

हिरवळ सक्तीची कशी झाली

हिरवळीचा आदर्श इंग्लंडमधील जमीनदारी उद्यानांतून आला, हे सर्वज्ञात आहे. एडविन बडिंग याने १८३० मध्ये ग्लॉस्टरशायरमध्ये गवत कापण्याचे यंत्र तयार केले आणि मेंढ्यांवाचून व विळ्यावाचून हिरवळ राखणे शक्य झाले. अमेरिकेत अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग यांच्या १८४१ मधील ग्रंथाने आणि फ्रँक स्कॉट यांच्या १८७० मधील ग्रंथाने हा आदर्श मध्यमवर्गाच्या घरापर्यंत आणला. शिकागोजवळील रिव्हरसाइड या उपनगराच्या १८६९ च्या आराखड्यात फ्रेडरिक लॉ ओल्म्स्टेड यांनी घर रस्त्यापासून ३० फूट आत असावे असे ठरविले. समोर सलग हिरवळ राहावी, हा त्यामागील हेतू होता.

तथापि आदर्शाचे रूपांतर बंधनात झाले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. न्यूयॉर्कजवळील लेव्हिटटाउन या १९४७ मध्ये सुरू झालेल्या वसाहतीत १७,००० हून अधिक घरे बांधली गेली, आणि हंगामात आठवड्यातून एकदा हिरवळ कापण्याची अट रहिवाशांवर घालण्यात आली. तेथील प्रारंभीच्या करारांत, घरकामाचे नोकर वगळता, गोऱ्यांव्यतिरिक्त इतरांना राहण्यास मनाई करणारे कलमही होते. हिरवळीची सक्ती आणि वंशभेद यांना एकाच वसाहतीच्या नियमांत स्थान मिळावे, हा योगायोग समजून सोडून द्यावा असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. दोन्हींमागे 'शेजार कसा दिसावा' हीच चिंता होती. पुढे गृहमालक-संघांच्या नियमावल्यांनी ही सक्ती देशभर पसरविली, आणि उन्हाळ्यात पिवळे पडलेले अंगण हा दंडनीय प्रमाद ठरू लागला.

या आदर्शास अनुरूप गवत मात्र अमेरिकेचे नव्हते. 'केंटकी ब्लूग्रास' हे नाव केंटकीचे असले तरी गवत युरोपातून आलेले, थंड व दमट हवेचे. न्यू इंग्लंडमध्ये ते सुखाने वाढले. जॉर्जियाच्या उष्णतेत व कोलोरॅडोच्या कोरड्या हवेत ते पाण्याच्या नळीवर जगू लागले.

टिफ्टन येथील हरळी

दक्षिणेकडील राज्यांना या अडचणीतून ज्या गवताने सोडविले ते आपणास अपरिचित नाही. अमेरिकेत ज्यास 'बर्म्युडा ग्रास' म्हणतात, ती म्हणजे आपली हरळी. गणपतीला वाहावयाच्या दूर्वा त्याच गवताच्या कोवळ्या अंकुरांच्या, आणि शेतकरी कुंदा व लव्हाळ्याबरोबर ज्याचे नाव वैतागाने घेतो तेही हेच. लिनियस याने १७५३ मध्ये त्याचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले; 'सायनोडॉन डॅक्टिलॉन' हे आजचे नाव १८०५ पासूनचे. उष्ण प्रदेशांतून अठराव्या शतकात ते अमेरिकेत पोहोचले, आणि १८०७ मध्ये जेम्स मीज यांनी दक्षिणेतील महत्त्वाच्या गवतांत त्याची गणना केली. चारा म्हणून त्याचे स्वागत झाले. कापसाच्या शेतकऱ्याने मात्र त्यास शत्रू मानले. जमिनीवरून धावणारे व जमिनीखालून सरकणारे, असे दोन्ही प्रकारचे खोड असलेले हे गवत कुळवाच्या पासेने तुटले की प्रत्येक पेऱ्यातून पुन्हा फुटते. जॉर्जियाचा कापूस-उत्पादक आणि वऱ्हाडचा कापूस-उत्पादक या एका बाबतीत परस्परांचे दुःख सहज समजू शकले असते.

नेमका हाच चिवटपणा ग्लेन बर्टन यांनी कामास लावला. बर्टन (१९१०–२००५) १९३६ मध्ये जॉर्जियातील टिफ्टन येथील कृषी संशोधन केंद्रात रुजू झाले. त्यांनी प्रथम गुरांच्या चाऱ्यासाठी 'कोस्टल' ही संकरित हरळी १९४३ मध्ये प्रसृत केली. १९४६ पासून अमेरिकन गोल्फ संघटनेच्या साहाय्याने त्यांचे लक्ष हिरवळीच्या गवताकडेही वळले. १९५२ ची 'टिफलॉन', १९५६ ची 'टिफग्रीन' आणि १९६० ची 'टिफवे' ही त्याची फळे. यांपैकी 'टिफवे'चा इतिहास विशेष उद्बोधक आहे. दक्षिण आफ्रिकेतून १९५४ मध्ये आलेल्या आफ्रिकन हरळीच्या बियाण्यात ती आपोआप झालेल्या संकराच्या रूपाने आढळली. सामान्य हरळीची गुणसूत्रे ३६ आणि आफ्रिकन हरळीची १८. त्यांच्या संकरात २७ आली. ही संख्या विषम असल्याने असे गवत वंध्य असते. त्यास बी धरत नाही.

या वंध्यत्वाचे आर्थिक परिणाम दूरगामी झाले. बी नसल्याने परागकणांचा व तुऱ्यांचा उपद्रव नाही, पोत एकसारखा, आणि अनपेक्षित रोपे उगवण्याची भीती नाही, हे गुण ग्राहकास हवेच होते. परंतु बी नसल्याने ते गवत दुकानातून पुडीत मिळणारही नव्हते. ते कांड्या लावून किंवा लादी अंथरूनच वाढविणे शक्य होते. त्यामुळे प्रमाणित मूळ साठा, लाद्यांची शेते, लादी कापणारी यंत्रे, मालमोटारी आणि अंथरणारे मजूर अशी एक स्वतंत्र व्यवस्था उभी राहिली. लादी ही सोयीची वस्तू होती, असे म्हणताना ती या वाणांच्या बाबतीत अपरिहार्यही होती, हे विसरता येत नाही. तसेच दक्षिणेतील लक्षावधी अंगणे जनुकीयदृष्ट्या एकाच रोपाचे तुकडे ठरली, हेही ध्यानी घ्यावयास हवे.

बर्टन यांचे नाव आपल्याकडील कोरडवाहू शेतीशी आणखी एका मार्गाने जोडलेले आहे, आणि कृषि-इतिहासाच्या वाचकास ते ठाऊक असणे इष्ट आहे. टिफ्टन येथेच त्यांनी बाजरीची 'टिफ्ट २३ ए' ही नरवंध्य मातृवाण तयार केली. तिच्या आधारे पंजाबमध्ये दिलबागसिंग अठवाल यांनी 'एचबी-१' हा भारतातील पहिला संकरित बाजरीचा वाण सिद्ध केला व तो १९६५ मध्ये प्रसृत झाला. उत्पादन वाढले; परंतु एकाच मातृवाणावर विसंबलेले हे संकरित वाण १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात गोसावी रोगाला मोठ्या प्रमाणावर बळी पडले. एकाच संशोधकाच्या बाकावरून नगर-नाशिककडच्या कोरडवाहू शेतकऱ्याची भाकरी आणि अटलांटाच्या उपनगरातील अंगण या दोहोंची वाट गेली. त्यांतील कोणत्या कामावर किती पैसा व किती काळ खर्च व्हावा, हा प्रश्न शास्त्राच्या कक्षेबाहेरचा असला तरी इतिहासाच्या कक्षेबाहेरचा नाही.

टिफ्टनची परंपरा पुढेही चालू राहिली. १९९० च्या दशकात तेथे हजारो रोपे लावून त्यांचे पाणी तोडण्यात आले व जे हिरवे राहिले त्यातून निवड करीत जाऊन २०१४ मध्ये 'टिफटफ' हा वाण बाहेर आला.

बफेलो गवताचे पुनरागमन

नेब्रास्कामध्ये याच काळात उलट दिशेने शोध सुरू झाला. तेथील विद्यापीठात टेरन्स रिओर्डन यांनी १९८० च्या दशकात गोल्फ संघटनेच्याच मदतीने स्थानिक बफेलो गवतातून हिरवळीचे वाण निवडण्याचे काम हाती घेतले. '६०९' हा वाण १९९० च्या सुमारास बाजारात आला. या गवतात नर व मादी रोपे वेगवेगळी असतात. नर रोपाचे तुरे पानांच्या वर डोकावतात व हिरवळीस विस्कटलेले रूप देतात; मादीचे फुलोरे खाली दडलेले राहतात. म्हणून '६०९' साठी मादी रोप निवडले गेले, आणि मादीचा शुद्ध वंश राखावयाचा तर पुन्हा लादी आलीच. शंभर वर्षांपूर्वी जी लादी भिंतीत गवत खाली करून घातली जात होती, ती आता गवत वर करून अंगणात घातली जाऊ लागली.

बफेलो गवत पावसाच्या पाण्यावर जगते, परंतु ते फिक्या राखाडी-हिरव्या रंगाचे असते, सावलीत तग धरत नाही, आणि थंडीची चाहूल लागताच तपकिरी होऊन वसंतापर्यंत तसेच राहते. गर्द हिरवा रंग हाच निकष मानणाऱ्या ग्राहकास ते रुचले नाही. जो गुण शास्त्रज्ञाच्या दृष्टीने अवर्षणसहनशीलता, तोच शेजाऱ्याच्या दृष्टीने दुर्लक्ष ठरला.

सहनशीलता म्हणजे काय, आणि लादी कशी रुजते

'अवर्षणसहनशील' हे विशेषण व्यापारात सैलपणे वापरले जाते. गवत अवर्षणास तीन प्रकारे तोंड देते. उंच फेस्क्यूसारखे गवत मुळे खोलवर नेऊन पाणी गाठते, म्हणजे ताण सोसण्यापेक्षा तो टाळते. केंटकीमध्ये १९३१ मध्ये एका डोंगर-उतारावर आढळलेला व १९४३ मध्ये प्रसृत झालेला 'केंटकी-३१' हा त्याचा प्रसिद्ध वाण. दुसरा प्रकार निद्रेचा: बफेलो गवत व हरळी वरचा भाग वाळू देतात आणि खोड जिवंत ठेवतात. तिसरा प्रकार खऱ्या अर्थाने सहन करण्याचा, पेशींतील पाणी कमी झाले तरी पान कार्यरत ठेवण्याचा. खोल मुळांचे गवत उथळ मुरमावर घातले तर त्याचा गुण वाया जातो. निद्रा घेणारे गवत सतत हिरवे ठेवावयाचे ठरविले तर तेही पाणी पिते. म्हणून वाणाची निवड ही अंगणातील मातीची खोली, सावली आणि घरमालकाची पिवळ्या रंगाविषयीची तयारी या तिघांवर अवलंबून असते.

लादीच्या बाबतीत अडचण अधिक मूलगामी आहे. लादी कापताना मुळांचा बहुतांश भाग मूळ शेतातच राहतो. मातीचा थर जेमतेम अर्धा ते पाऊण इंच ठेवतात, कारण पातळ लादी लवकर रुजते व वाहतुकीस हलकी पडते. म्हणजे अवर्षणसहनशील गवताची लादी जेव्हा अंगणात येते, तेव्हा ती अत्यंत अवर्षणभीरू असते. कापल्यापासून शक्यतो एका दिवसात ती अंथरावी लागते. चवडीत ठेवल्यास उष्णतेने सडते. जमीन चार-सहा इंच खोल मोकळी करून, सेंद्रिय खत मिसळून, समपातळीत आणून मगच पट्टे एकमेकांस भिडवून घालावयाचे. गवंडी विटा घालताना करतो तशी येथेही सांधेमोड करावयाची, रूळ फिरवून माती व मुळे यांची भेट घडवावयाची आणि लगेच पाणी द्यावयाचे. पुढील दोन-तीन आठवडे पाणी जवळपास रोज, व त्यानंतर क्रमाक्रमाने अंतर वाढवीत कमी करावयाचे, जेणेकरून मुळे ओलाव्याच्या शोधात खाली जातील. या शेवटच्या टप्प्याचाच सर्वाधिक आळस होतो. स्वयंचलित फवारे जसे लावले तसेच चालू राहतात, मुळे वरच राहतात, आणि मग वाणास दोष दिला जातो. त्यात नव्या वसाहतींत बांधकामाच्या यंत्रांनी दाबलेल्या, वरची सुपीक माती खरवडून नेलेल्या जमिनीवर लादी थेट अंथरली जाते. अशा ठिकाणी कोणत्याही केंद्राचा कोणताही वाण गालिच्याप्रमाणेच राहतो. तो जमिनीचा होत नाही.

पाणी, शासन आणि रूढी

डेन्व्हरच्या पाणीपुरवठा विभागाने १९८१ मध्ये ग्रीक भाषेतील 'कोरडा' या अर्थाच्या शब्दावरून 'झेरिस्केप' ही संज्ञा घडविली, आणि हिरवळ आक्रसून कमी पाण्याची झाडे लावण्याचा विचार शासकीय स्तरावर मांडला गेला. परंतु दमट समजल्या जाणाऱ्या जॉर्जियालाच अवर्षणाने गाठले तेव्हा या विचाराची निकड कळली. सप्टेंबर २००७ मध्ये राज्याच्या उत्तरेकडील ६१ परगण्यांत घराबाहेर पाणी घालण्यावर जवळपास संपूर्ण बंदी आली. १३ नोव्हेंबरला गव्हर्नर सनी पर्ड्यू यांनी राज्य विधानभवनासमोर पावसासाठी सामुदायिक प्रार्थना केली. ज्या राज्यात अवर्षणसहनशील हरळी घडली, तेथेच नवी लादी रुजविण्यापुरतेही पाणी उरले नव्हते, आणि हिरवळ-व्यवसायाला मोठा फटका बसला.

नेवाडाने अधिक कठोर मार्ग धरला. कोलोरॅडो नदीच्या पाण्यातील नेवाडाचा वार्षिक हिस्सा ३,००,००० एकर-फूट एवढाच आहे आणि लास व्हेगासची तहान बव्हंशी त्यावरच भागते. तेथील जलप्राधिकरणाने १९९९ पासून हिरवळ काढणाऱ्यास रोख अनुदान दिले. २००३ पासून नव्या घरांच्या दर्शनी भागात हिरवळ लावण्यास मनाई झाली. त्या प्राधिकरणाच्या २००५ मधील अभ्यासानुसार एक चौरस फूट हिरवळीस वर्षाला ७३ गॅलन, म्हणजे सुमारे २७६ लिटर पाणी लागत होते, तर तेवढ्याच झेरिस्केपला १७.२ गॅलन. २०२१ मध्ये राज्य विधिमंडळाने ज्या गवतावर कोणी बसत-खेळत नाही, अशा रस्ता-दुभाजकांतील व कार्यालयांपुढील शोभेच्या हिरवळीस कोलोरॅडोचे पाणी देणे बंद करण्यासाठी २०२६ अखेरची मुदत घालून दिली. घरांपुढील हिरवळ मात्र या कायद्यातून वगळली गेली. कॅलिफोर्नियात २०१४ मध्ये अवर्षणकाळात पाणी न घालणाऱ्या घरमालकास संघाने दंड करू नये असा कायदा झाला, आणि १ एप्रिल २०१५ च्या आदेशाने ५ कोटी चौरस फूट हिरवळ बदलण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. पिवळ्या अंगणाला कायद्याचे संरक्षण द्यावे लागले, यावरून रूढीची पकड किती होती हे कळते.

कोलोरॅडोने २०२४ मध्ये केलेला कायदा या इतिहासात वेगळा ठरतो. व्यापारी, संस्थात्मक व औद्योगिक आवारांत १ जानेवारी २०२६ पासून निरुपयोगी शोभेची हिरवळ नव्याने लावण्यास त्याने मनाई केली; पण तसे करताना स्थानिक गवते आणि कोरड्या हवामानासाठी संकरित केलेली गवते ही 'हिरवळ' या संज्ञेतून बाहेर ठेवली. याच राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातील बाका परगणा १९३० च्या दशकातील धुळीच्या वादळांनी उद्ध्वस्त झालेल्या परगण्यांपैकी एक होता. तेथे गव्हासाठी ज्या गवताची लादी नांगराने उलथून टाकली गेली, त्या बफेलो गवताला आता राजधानीतील कार्यालयांपुढे लावण्यास कायद्याची आडकाठी राहिलेली नाही.